छाप आणि कस

घरोघर रोज उच्चारला जाणारा ‘रुपया’ हा शब्द कोठून आला, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें, तर घरांतील वडील माणसानें त्यास खुशाल पाणिनीपर्यंत न्यावें. ‘रूप’ म्हणजे आकृति. ज्यावर आकृति ठोकून उमटविली आहे तें ‘रूप्य’. अष्टाध्यायींत या अर्थाच्या ‘रूप्य’ शब्दासाठीं स्वतंत्र सूत्र आहे. धातूच्या तुकड्यावर छाप उमटली कीं त्याचा पैसा झाला, ही कल्पना आपल्या भाषेंत इतकी जुनी आहे. रोमक लोकांच्या मुख्य रुपेरी नाण्याचें नांव ‘देनारियस’. तें पडलें संख्येवरून. कांशाच्या दहा नाण्यांबरोबर त्याची किंमत, म्हणून तें ‘दहांचें’. हेंच नांव पुढें समुद्र ओलांडून आपल्याकडे आलें आणि ‘दीनार’ या रूपानें संस्कृतांत रुळलें. अमरकोशांत ‘निष्क’ शब्दाचा एक अर्थ दीनार असा दिला आहे, व गुप्तकाळच्या शिलालेखांत दानाच्या रकमा दीनारांत सांगितलेल्या आढळतात. आपल्याकडे मात्र तो शब्द सोन्याच्या नाण्यास लागला.

एका भाषेनें नाण्यास छापेवरून नांव दिलें, दुसरीनें मोलावरून. नाण्याचीं हीं दोन अंगें एकमेकांशीं नेहमीं खरीं राहतातच असें नाहीं. छाप बोलते तें राज्यकर्त्याचें म्हणणें असतें. धातूचा कस सांगतो ती राज्याची खरी स्थिति असते. रोमच्या देनारियसाची सुमारें पांचशें वर्षांची कथा या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाची आहे, ती या दोन अंगांचा मेळ आणि बेबनाव दाखविण्यासाठींच.

देनारियस प्रथम पाडला गेला तो इ. स. पूर्वी २११ च्या सुमारास. हॅनिबाल इटलींत ठाण मांडून बसला होता, रोमची तिजोरी ओसरली होती आणि जुन्या चलनाचा पाया ढांसळला होता. अशा संकटांत हें नाणें नव्यानें बसविलें गेलें. आरंभीं त्याचें वजन सुमारें साडेचार ग्रॅम होतें. थोड्याच वर्षांत तें चार ग्रॅमांच्या किंचित् खालीं स्थिरावलें. आपल्या जुन्या मापांत बोलावयाचें तर एक देनारियस म्हणजे चार मासे, आणि तीन देनारियस म्हणजे एक तोळा. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली रोम-देवता, दुसऱ्या बाजूस भाले सरसावून दौडणारे कॅस्टर व पोलक्स हे जुळे देव. आपले अश्विनीकुमार ज्यांस ठाऊक आहेत त्यांस हे जुळे घोडेस्वार परके वाटूं नयेत. या नाण्यावर कोणा हयात माणसाचें चित्र नव्हतें. राज्य कोणा एकाचें नाहीं, हेंच त्या छापेचें सांगणें होतें.

टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर जूनो मोनेता देवीच्या देवळाजवळ होती. इंग्रजींतील ‘मनी’ व ‘मिंट’ हे दोन्ही शब्द त्या ‘मोनेता’पासूनच निघाले. टांकसाळीवर तीन तरुण अधिकारी नेमले जात. राजकारणाच्या शिडीची ही अगदीं खालची पायरी. पुढें निवडणुका लढवावयाच्या, तर घराण्याचें नांव लोकांच्या डोळ्यांसमोर राहिलें पाहिजे, हें त्या तरुणांच्या लवकरच ध्यानांत आलें. मग देवतांच्या शेजारीं कोणाच्या पूर्वजाचा विजय आला, कोणाच्या पूर्वजानें शहरांत आणलेला पाण्याचा पाट आला. कुलाभिमानाची ही हौस जुन्या घराण्यांच्या बखरी वाचणारांस नवी वाटणार नाहीं. रोममध्यें ती बखर हजारों लोकांच्या थैलींत खुळखुळूं लागली इतकेंच.

इ. स. पूर्वी ५४ मध्यें या अधिकाऱ्यांपैकीं एक होता मार्कस ब्रूटस. त्यानें एका देनारियसाच्या पुढच्या बाजूस ‘लिबेर्तास’ म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचें मुख घातलें. मागें दाखविला तो आपला पूर्वज लूसियस ब्रूटस, ज्यानें रोमच्या शेवटच्या राजास हांकून लावलें असें परंपरा सांगते. पाँपी सर्वाधिकारी होणार अशी कुणकुण त्या वेळीं शहरांत चालली होती. नाण्यानें कोणाचें नांव घेतलें नाहीं. आमच्या घराण्यांत राजांचें काय करतात हें तुम्हांस ठाऊक आहे, एवढें मात्र ज्यास समजावयाचें त्यास समजलें.

दहा वर्षांनीं, इ. स. पूर्वी ४४ च्या आरंभीं, जें पूर्वीं कधीं झालें नव्हतें तें झालें. रोमच्या टांकसाळींतून सेनेटच्या अनुज्ञेनें निघालेल्या देनारियसावर एका हयात रोमक पुरुषाचें मुख उमटलें, आणि तो पुरुष म्हणजे जूलियस सीझर. गळ्याच्या सुरकुत्या, बसलेले गाल, डोक्यावर पानांची माळ, आणि कांहीं नाण्यांवर भोंवतीं ‘आजन्म सर्वाधिकारी’ या अर्थाचीं अक्षरें. पूर्वेकडील ग्रीक राजे आपलीं मुखें नाण्यांवर घालीत. रोममध्यें मात्र ‘राजा’ या शब्दाचीच चीड होती. त्याच वर्षीं १५ मार्चला सेनेटच्या बैठकींत सीझरचा खून झाला. एका नाण्यामुळें खून झाला असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्यांच्या मनांत संशय होता त्यांस आतां त्याचा पुरावा बाजारांत मोडीला मिळूं लागला होता.

खून करणारांत ब्रूटस होताच. पुढें रोम सोडून तो पूर्वेकडे सैन्य जमवूं लागला. त्या सैन्यासाठीं इ. स. पूर्वी ४३-४२ मध्यें त्यानें जीं नाणीं पाडलीं, त्यांतील एक नाणें आज जगांतील संग्राहकांत अतिशय प्रसिद्ध आहे. मागील बाजूस दोन खंजीर; त्यांच्यामध्यें गुलामास मुक्त केल्यावर त्याच्या डोक्यावर घालीत ती टोपी; खालीं ‘एइद् मार्’ हीं अक्षरें, म्हणजे मार्च महिन्याच्या मध्याची ती तारीख. एका राज्यक्रांतीचें सगळें समर्थन चार मासे रुप्यावर! कॅशियस डायो या इतिहासकारानें दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावरही या नाण्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. परंतु नाणें उलटून पाहावें. दुसऱ्या बाजूस मुख आहे तें खुद्द ब्रूटसचें, आणि ब्रूटस त्या वेळीं हयात होता. ज्या गोष्टीसाठीं सीझर डोळ्यांत सलला, तीच गोष्ट त्याच्या मारेकऱ्यानें दोन वर्षांच्या आंत केली. शाळेंत रोमचा इतिहास शिकवितांना गणराज्य बुडाल्याचीं कारणें फळ्यावर एकाखालीं एक लिहावयाची आमची रीत होती. त्या यादीनंतर या एका नाण्याच्या दोन्ही बाजूंचें वर्णन केलें कीं वर्गांतील मागच्या बांकावरची मुलेंही मान वर करीत.

सीझरचा वारस ऑक्टेव्हियन, जो पुढें ऑगस्टस झाला, त्यास छापेची विद्या सर्वांत अधिक साधली. इ. स. पूर्वी ५३ मध्यें पार्थियन लोकांनीं रोमक सैन्याचा धुव्वा उडवून त्याचीं निशाणें नेलीं होतीं. इ. स. पूर्वी २० मध्यें तीं परत आलीं, तीं लढाईनें नव्हे तर वाटाघाटीनें. परंतु लौकरच निघालेल्या देनारियसावर एक पार्थियन गुडघे टेकून निशाण परत देत आहे! त्यांत धडधडीत असत्य एकही नाहीं. निशाणें खरोखरच परत आलीं होतीं. केवळ त्या मनुष्यास गुडघ्यांवर बसविल्यानें तहाचा विजय झाला. रोमच्या पायदळांतील साध्या शिपायाचा पगार ऑगस्टसच्या काळीं सालीना २२५ देनारियस होता. वाचतां येवो न येवो, पगार हातांत पडला कीं त्या शिपायास ही बातमी या रूपांत कळत असे.

ऑगस्टसला मुलगा नव्हता. मुलीचे दोन मुलगे, गायस व लूसियस, त्यानें दत्तक घेतले होते. इ. स. पूर्वी २ पासून गॉल प्रांतांतील लुग्डुनम, म्हणजे आजचें फ्रान्समधील लियों, येथील टांकसाळींतून जे देनारियस निघाले, त्यांवर हे दोघे भाऊ ढाली व भाले घेऊन शेजारीं शेजारीं उभे आहेत. राज्यास वारस आहेत, पुढची चिंता नको, हें त्या छापेचें आश्वासन. लूसियस इ. स. २ मध्यें वारला, आणि गायस इ. स. ४ मध्यें. नातवांच्या पाठीमागें आजोबा आणखी दहा वर्षें जगले, आणि गादी गेली ती पत्नीच्या पूर्वीच्या विवाहाच्या मुलाकडे, टायबेरियसकडे. दोन नातू मात्र लक्षावधि नाण्यांवर तसेच उभे राहिले.

या दोन भावांची आपल्या देशाशीं निकट ओळख आहे. दक्षिण हिंदुस्थानांत, विशेषतः तामिळनाडूंतील कोइमतूरच्या परिसरांत व आंध्र-तेलंगणांत, जमिनींतून जीं रोमक रुपेरी नाणीं निघालीं आहेत, त्यांत सर्वांत अधिक भरणा याच गायस-लूसियसच्या छापेचा व टायबेरियसच्या नाण्यांचा आहे. पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनांत भरुकच्छ म्हणजे भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत सोन्यारुप्याचे देनारियस सांगितले असून, ते स्थानिक चलनाशीं बदलण्यांत नफा होतो असेंही म्हटलें आहे. मिरें, मोतीं, तलम वस्त्रें यांच्या मोबदल्यांत हा ओघ इकडे येत होता. हिंदुस्थान दरसाल आपले पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. एका देनारियसाचे चार सेस्टर्स, म्हणजे सव्वा कोटि देनारियस झाले.

आतां आमच्याकडील व्यापारी या नाण्यांत काय पाहत होते? प्लिनीनेंच ताम्रपर्णी ऊर्फ सिंहलद्वीपाच्या राजाची एक गोष्ट सांगितली आहे. वाऱ्यानें भरकटलेला एक रोमक माणूस त्या बेटास लागला. त्याच्याजवळचे देनारियस राजानें पाहिले. त्यांवर निरनिराळ्या सम्राटांचीं मुखें होतीं, पण वजन सर्वांचें सारखें भरलें. त्यावरून या लोकांच्या सचोटीविषयीं राजाचें मत इतकें चांगलें झालें कीं त्यानें रोमकडे वकील पाठविले. रोमचे सम्राट आपल्या विजयांचीं, देवांचीं व वारसांचीं चित्रें घडविण्यांत गुंतले होते. ज्या परक्या राजाचें मन त्यांनीं जिंकलें, तें जिंकलें तराजूनें. कौटिल्यानें नाणें पारखणाऱ्या अधिकाऱ्यास ‘रूपदर्शक’ म्हटलें आहे. नांवांत ‘रूप’ असलें तरी त्याचें काम रूपास न भुलतां नाणें पारखण्याचें होतें.

याहून बोलका पुरावा पुदुकोट्टई येथें मिळाला. तेथें १८९८ साली सुमारें ५०० रोमक सुवर्णनाणीं सांपडलीं, आणि त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छिनीचा घाव घातलेला आहे. घावाच्या हेतूविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तथापि हें सोनें आतां रोमच्या सम्राटाच्या नांवानें नव्हे, तर सोनें म्हणूनच चालावयाचें, असा त्याचा अर्थ सहज लागतो. रुप्याची गोष्टही तशीच. इ. स. ६४ मध्यें नीरोनें देनारियसाचें वजन कमी केलें, आणि पूर्वीं जवळजवळ निर्भेळ असलेल्या रुप्यांत हीण मिसळून त्याचें प्रमाण शेंकडा ८० च्या आसपास आणलें. त्यानंतरचे देनारियस आपल्या देशांत फार विरळ सांपडतात. चित्र तितकेंच सुबक होतें. कस उतरला हें मात्र इकडे चुकलें नाहीं.

परकी छाप व आपलें रुपें यांचा असाच एक हिशोब महाराष्ट्राच्या भूमींतही झाला. भडोचच्या व्यापारावर ज्याची सत्ता होती त्या क्षहरात क्षत्रप नहपानाच्या रुपेरी नाण्यांवर त्याचें मुख व भोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत. तें रुपें रोमक नाणीं आटवून मिळविलें असावें, असा कित्येक संशोधकांचा तर्क आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केल्यावर तीं नाणीं आटविलीं नाहीं. त्यांच्यावरच आपला ठसा ठोकला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें १९०६ साली सांपडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर असा दुहेरी ठसा आहे. राजा बदलला, रुपें तेंच, आणि त्याची किंमतही तीच.

रोममध्यें याच्या उलट घडत गेलें. छाप कायम राहिली आणि रुपें बदललें. त्याची चुणूक पूर्वींच मिळाली होती. इ. स. पूर्वी ३१ मधील शेवटच्या लढाईपूर्वीं मार्क अँटनीनें आपल्या पलटणींसाठीं जे देनारियस पाडले, त्यांत रुपें कमी होतें. आणि म्हणूनच ते दोनशें वर्षांहून अधिक काळ बाजारांत फिरत राहिले! चोख नाणीं लोकांनीं पेटींत टाकलीं किंवा मुशींत आटविलीं. हिणकस नाणें कोणी घरांत ठेवीना, म्हणून तें चालत राहिलें. नीरोनंतर प्रत्येक अडचणीच्या सम्राटानें थोडें थोडें हीण वाढविलें. सेप्टिमियस सेव्हेरसनें इ. स. १९४-९५ च्या सुमारास रुपें जवळजवळ निम्म्यावर आणलें.

याच सेव्हेरसच्या घरांतील एक प्रसंग संसारी वाचकांस विशेष बोधप्रद वाटेल. इ. स. २०२ मध्यें त्यानें आपला मुलगा कॅराकॅला याचें लग्न आपल्या प्रबळ सेनाधिकाऱ्याची मुलगी प्लॉटिला हिच्याशीं लावलें. देनारियसांवर वधूवरें हातांत हात घालून उभीं आहेत, आणि भोंवतीं अक्षरें आहेत ‘शाश्वत सामंजस्य’ व ‘साम्राज्याची वंशवृद्धि’ या अर्थाचीं. प्रत्यक्षांत नवरा तिच्याबरोबर जेवावयासही बसत नसे, असें इतिहासकार लिहितात. इ. स. २०५ मध्यें सासऱ्याचा वध झाला, मुलगी लिपारी बेटावर हद्दपार झाली, आणि सेव्हेरसच्या मृत्यूनंतर तिलाही मारण्यांत आलें. हस्तमीलनाचीं तीं नाणीं आजही संग्रहांत आहेत. नाण्याच्या घोषणेंत ‘शाश्वत’ हा शब्द आला कीं वाचणारानें किंचित् सावध व्हावें.

पुढें उतार तीव्र झाला. त्यास केवळ सम्राटांची उधळपट्टी कारण नव्हती, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. इ. स. १६५ पासूनच्या महामारीनें माणसें गेलीं, स्पेनमधील खाणींचें उत्पन्न घटलें, ऱ्हाइन, डॅन्यूब व इराण या तिन्ही बाजूंनीं युद्ध पेटलें, आणि सैन्याचा पगार मात्र वाढवावा लागला. सैन्य बिघडलें तर सम्राटाचा जीव जाई. म्हणून रुपें तेवढेंच, नाणीं अधिक. इ. स. २१५ मध्यें कॅराकॅलानें जें मोठें नाणें काढलें, तें दोन देनारियसांचें मानलें जातें; रुपें त्यांत दीड देनारियसाइतकेंच होतें. इ. स. २६० मध्यें सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हातीं जिवंत सांपडला. त्याचा मुलगा गॅलिएनस इ. स. २६८ पर्यंत राज्य करीत होता. त्याच्या अखेरीस या नाण्यांत शेंकडा पांचाहूनही कमी रुपें उरलें होतें, म्हणजे तांब्यावर दिलेला केवळ पातळ मुलामा. या नाण्यांवरील घोषणा पाहाव्या: ‘समृद्धि’, ‘सैन्याची निष्ठा’, ‘शाश्वत सुरक्षितता’. बाप शत्रूच्या कैदेंत असतां मुलानें शाश्वत सुरक्षितता पाडावी! जी वस्तु घरांत उरली नव्हती, तिचेंच नांव बाजारांत अधिक मोठ्यानें पुकारलें जात होतें.

लोकांस हें कळत नव्हतें काय? इजिप्तमध्यें ऑक्सिर्हिंकस येथें सांपडलेल्या इ. स. २६० च्या एका पपायरसावरील हुकूम याचें उत्तर देतो. सम्राटांचें नाणें घ्यावयाचें नाहीं म्हणून सराफांनीं पेढ्या बंद केल्या होत्या. अधिकाऱ्यानें आज्ञा काढली कीं, पेढ्या उघडा, अगदीं खोटें नाणें सोडून सर्व नाणीं घ्या, न घ्याल तर शिक्षा होईल. त्या प्रांताचें नाणें निराळें होतें, परंतु मुख सम्राटाचेंच. जें नाणें एके काळीं सिंहलद्वीपाच्या राजानें आपखुशीनें मानलें, त्याच राज्याचें नाणें आतां स्वतःच्या प्रजेस धाकानें घ्यावयास लावावें लागत होतें. आणि या स्थितींत नुकसान झालें तें ज्याच्याजवळ जमीन नव्हती, ज्यानें म्हातारपणासाठीं नाणींच सांठविलीं होतीं, अशा माणसाचें.

शेवटीं इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लीशननें पुन्हा चोख रुप्याचें नाणें काढलें. त्याच्या कांहीं प्रकारांवर एका बाजूस देव नाहीं, विजय नाहीं, गुडघे टेकलेला शत्रु नाहीं. माळेच्या आंत केवळ ९६ हा रोमक आंकडा आहे. एका रोमक रत्तल रुप्यांत अशीं ९६ नाणीं होतात, एवढाच त्याचा अर्थ. पांचशें वर्षें चित्रें दाखविल्यानंतर राज्यास आपली पत परत मिळविण्यासाठीं वजनच सांगावें लागलें. देनारियसाचें नांव संख्येवरून पडलें होतें; त्या संख्येकडेच रोमला परतावें लागलें.

हल्लीं आपल्या खिशांतील रुपयांत रुपें नाहीं, व नोटेंत तर धातूच नाहीं. त्यामुळें वजनाची कसोटी आपणांस लावतां येत नाहीं. परंतु छाप आणि कस हा भेद त्यामुळें मिटला असें मात्र नव्हे. वचन देणाऱ्याच्या पाठीमागें तें पाळण्याची शक्ति व इच्छा किती, हाच आतां कस. राज्याच्या घोषणेस, पेढीच्या जाहिरातीस आणि सोयरीक जुळवितांना पुढें केलेल्या कुळाच्या मोठेपणासही तोच प्रश्न विचारावयाचा असतो. घरांतील मुलांस एखादें जुनें नाणें सांपडलें, तर तें कोणत्या राजाचें एवढेंच सांगून थांबूं नये. या छापेनें लोकांस काय पटवावयाचें होतें, आणि तें पटविण्याची गरज त्या वेळींच कां पडली, हे दोन प्रश्न त्यांस विचारावे. आणि मग घरांत तराजू असेल तर तो त्यांच्या हातीं द्यावा.